पेशी बशीत मेल्या, पुढे काय झाले? आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांचे संपादक यांस,



आपल्या पुरवण्या मी नेमाने वाचते. सारी नोकरी जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे सवय म्हणा की खोड म्हणा, कर्करोगाची बातमी दिसली की बाकीचे पान बाजूला राहते. स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेच्या बातम्या येतात. अमुक पदार्थाने कर्करोगाच्या पेशी मरतात, ही एक. तमुक पदार्थाने त्या वाढतात, ही दुसरी. पहिलीत हळद असते, लक्ष्मणफळ असते, नाहीतर परदेशी प्रयोगशाळेत बनलेले लांबलचक नावाचे रसायन असते. दुसरीत प्लास्टिकचा डबा असतो किंवा द्राक्षावरची फवारणी. एक बातमी वाचून माणूस दुकानात धावतो, दुसरी वाचून डबे फेकतो. आणि या दोन्ही बातम्यांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो: तळहातावर मावणारी एक बशी, तिच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी आणि वरून घातलेले थेंबभर औषध. हा तपशील बातमीच्या शेवटच्या ओळीत येतो, किंवा येतच नाही.

अशा बातम्या छापूच नका, असे मी म्हणणार नाही. बशीत घडले ते बशीत घडले एवढे पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि पुढे ते औषध बायकांना दिल्यावर काय झाले, ते शोधून छापा. या मागणीत एवढे काय आहे, असे वाटेल. म्हणून टिबोलोन नावाच्या एका औषधाची हकिगत सांगते. ती मराठीत कुठे आलेली माझ्या वाचनात नाही.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. स्तनाच्या निम्म्याहून अधिक कर्करोगांना वाढायला इस्ट्रोजेन हे संप्रेरक लागते. पाळी गेली की इस्ट्रोजेन संपले, असा आपल्याकडे समज आहे. बीजांडकोशाचे काम थांबते हे खरे. पण गावची मोठी विहीर आटली तरी घरोघरचे आड चालू राहावेत, तशी चरबी, त्वचा आणि खुद्द स्तन आपापल्या गरजेपुरते इस्ट्रोजेन बनवत राहतात. कच्चा माल येतो मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून. अरोमाटेज नावाचे एन्झाइम त्या कच्च्या मालापासून इस्ट्रोन बनवते. या इस्ट्रोनचा मोठा साठा सल्फेटच्या रूपात रक्तात फिरत असतो, अगदी निरुपद्रवी. स्तनाच्या गाठीत सल्फाटेज हे दुसरे एन्झाइम तो सल्फेट काढून टाकते, आणि १७-बीटा-एचएसडी हे तिसरे एन्झाइम त्या इस्ट्रोनचे इस्ट्रॅडिओल करते. इस्ट्रोजेनचे सगळ्यांत प्रभावी रूप ते हेच. पाळी गेलेल्या बायकांच्या गाठीतले इस्ट्रॅडिओल मोजले, तर ते रक्तातल्या प्रमाणाच्या दहा ते वीस पट भरते. गाठ आपली सोय आपणच पाहते, असा याचा अर्थ. मग ही तीन एन्झाइमे बंद पाडणारे रसायन शोधावे, असे संशोधकांना वाटले यात नवल नाही.

टिबोलोन हे नेदरलँड्समधल्या ऑर्गेनॉन कंपनीचे कृत्रिम स्टेरॉइड. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते युरोपात पाळी गेल्यानंतरच्या तक्रारींसाठी दिले जाऊ लागले: अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, हाडांची झीज. अमेरिकेने त्याला कधीच परवानगी दिली नाही. १९९०च्या दशकात पॅरिसमध्ये होर्हे पास्क्वालिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहिले. पेशी दोन जातींच्या, एमसीएफ-७ आणि टी-४७डी. निकाल झकास होता. टिबोलोनमुळे सल्फाटेज थांबत होते, अगदी कमी मात्रेतही. काम कच्चे नव्हते. टिबोलोन गिळल्यावर आतडे आणि यकृत त्याची तीन वेगवेगळी रसायने बनवतात, हे त्यांना माहीत होते, आणि ती तिन्ही त्यांनी वेगवेगळी तपासली होती. तिन्हींनी सल्फाटेज रोखले.

आता विचार करा, या निकालावर आपली बातमी कशी झाली असती. वाफाही थांबवणारे आणि कर्करोगाची रसदही तोडणारे औषध! ते औषध कोणाला हवे होते, हेही ध्यानात घ्या. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईला वाफांचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, कारण तिचे उपचारच इस्ट्रोजेनच्या विरोधात असतात. तिला नेहमीची हार्मोनची गोळी देता येत नाही. टिबोलोन तिच्यासाठीच घडवले आहे, असे वाटावे इतके हे सगळे जुळत होते.

मग ते खरोखरच तिला देऊन पाहिले. लिबरेट नावाची ही चाचणी २००२ साली सुरू झाली. ३१ देशांतल्या, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या तीन हजारांहून अधिक बायका तीत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना टिबोलोन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. कोणाला काय मिळते ते ना बाईला ठाऊक, ना डॉक्टरला. २००७ साली चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. टिबोलोन घेणाऱ्या १,५५६ जणींपैकी २३७ जणींचा कर्करोग उलटला, म्हणजे १५.२ टक्के. पोकळ गोळी घेणाऱ्या १,५४२ जणींपैकी १६५ जणींचा, म्हणजे १०.७ टक्के. धोका ४० टक्क्यांनी वाढला होता. वाफा कमी झाल्या होत्या, हाडेही सुधारली होती. कर्करोग मात्र परतत होता. २००९ साली हे सगळे लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पॅरिसच्या बशीत जे दिसले ते खोटे होते का? मुळीच नाही. सल्फाटेज खरोखरच थांबत होते. पण टिबोलोनपासून शरीरात बनणाऱ्या तीन रसायनांपैकी दोन स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागतात. एन्झाइमबद्दल प्रश्न विचारला, तर उत्तर एन्झाइमपुरतेच मिळते. बाईच्या शरीरात एन्झाइम आहे, त्या एन्झाइमने बनवलेले संप्रेरक आहे, ते ओळखणारे ग्राहक रेणू आहेत, आधीचे उपचार आहेत, कुठेतरी लपून राहिलेल्या चार पेशी आहेत. या सगळ्यांचा हिशेब एका वेळी मांडता येतो तो फक्त चाचणीत.

गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तिचा हाच भाग फार मोलाचा वाटतो. २००८ साली दुसऱ्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. त्यात ६० ते ८५ वयाच्या, हाडे ठिसूळ झालेल्या साडेचार हजार बायकांपैकी अर्ध्या जणींना निम्म्या मात्रेत टिबोलोन दिले होते. टिबोलोन घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग चक्क कमी झाला, जवळजवळ एक तृतीयांशावर आला. पण पक्षाघाताचे प्रमाण दुप्पट झाले, आणि ती चाचणीही थांबवावी लागली. आणि त्याही आधी, २००३ साली, ब्रिटनमधल्या दहा लाख बायकांच्या पाहणीत टिबोलोन घेणाऱ्यांना स्तनाचा कर्करोग जास्त होताना दिसला होता. औषध एकच, आणि बाई बदलली, वय बदलले, मात्रा बदलली, की उत्तर बदलते. आता यावर एका ओळीचा मथळा करून दाखवा. मी प्रयत्न केला आणि नाद सोडला.

त्या बशीतल्या पेशींबद्दलही दोन शब्द. ‘स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग’ असे आपण छापता तेव्हा वाचकाला वाटते, पुष्कळ रुग्णांच्या गाठी तपासल्या असतील. प्रत्यक्षात जगभरातल्या असंख्य प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या एमसीएफ-७ या पेशी एकाच बाईच्या आहेत. मिशिगन राज्यातल्या एका ख्रिस्ती मठातली ती जोगीण होती. १९७० साली तिच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून या पेशी काढल्या, आणि डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी त्या जगवल्या. नावातली अक्षरे त्या संस्थेची आहेत. सात हा आकडा सांगतो की आधीचे प्रयत्न फसले होते. ती जोगीण त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी अर्ध्या शतकाहून जास्त काळ वाढताहेत आणि इतक्या हातांतून गेल्या आहेत की दोन प्रयोगशाळांतल्या एमसीएफ-७ परस्परांशी तंतोतंत जुळतातच असे नाही. शिवाय मुळात या पेशींत अरोमाटेज अगदी थोडे. म्हणून त्या एन्झाइमचा अभ्यास करायचा तर त्याचे जनुक बाहेरून घालून नव्या पेशी बनवाव्या लागतात. आपल्या वाचकाच्या आईची गाठ यातली कोणती, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे कठीण आहे.

यावरून बशीतले संशोधन फुकट असते, असा अर्थ कृपा करून काढू नका. आज आपल्याकडे पाळी गेलेल्या बायकांना कर्करोगाच्या उपचारात रोज दिली जाणारी लेट्रोझोल किंवा ॲनॅस्ट्रोझोलची गोळी अशाच कामातून आली. तिचा प्रवास किती लांबचा होता, तेवढे मात्र पाहा. अरोमाटेज रोखणारे पहिले औषध होते अमिनोग्लुटेथिमाइड. ते आधी फेफऱ्यावर दिले जाई. अधिवृक्क ग्रंथींवर वाईट परिणाम होतो म्हणून १९६६ साली अमेरिकेत ते मागे घेतले गेले, आणि तोच दोष पुढे कर्करोगात गुण म्हणून वापरला गेला. पण ते एन्झाइम निवडून मारत नसे. सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागे आणि बायका गुंगीत राहत. फक्त अरोमाटेजच रोखायचे, हा ध्यास घेतला अँजेला ब्रोडी यांनी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समध्ये त्या आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ पती हॅरी ब्रोडी यांनी एकामागून एक स्टेरॉइडे बनवून तपासली. त्यातून फॉर्मेस्टेन निघाले. तेव्हा औषध कंपन्यांना यात फारसा रस नव्हता. लंडनमध्ये चार्ल्स कूम्ब्स यांनी ते रुग्णांना दिले आणि १९८४ साली पहिले निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. त्यानंतर कंपन्या जाग्या झाल्या. अमेरिकेत लेट्रोझोलला १९९७ साली परवानगी मिळाली.

लेट्रोझोलचे काम मला आजही देखणे वाटते. अरोमाटेजच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो, त्यावाचून एन्झाइमचे काही चालत नाही. लेट्रोझोलमधल्या तीन नायट्रोजनच्या कड्यातला एक नायट्रोजन त्या लोहालाच धरून बसतो. रोज अडीच मिलिग्रॅमची एक गोळी, आणि शरीरभरातले हे काम ९८ टक्क्यांहून जास्त थांबते. एन्झाइमची नेमकी रचना मात्र २००९ साली कळली, अमेरिकेतल्या बफेलो इथे देबाशीष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उलगडली. म्हणजे गोळी बाजारात येऊन बारा वर्षे झाल्यावर! आणि बायकांचे काय झाले? २०१५ साली जवळजवळ ३२ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा, टॅमॉक्सिफेन या जुन्या औषधाच्या तुलनेत लेट्रोझोलच्या गटातली औषधे सुरू असताना कर्करोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले, आणि पाच वर्षे ती घेतली तर दहा वर्षांतले मृत्यूही कमी झाले. बशीपासून इथपर्यंत यायला चाळीस वर्षे लागली.

जाता जाता एक सांगते, कारण यावरून घराघरांत घबराट होताना पाहिली आहे. हीच लेट्रोझोल मूल होत नसलेल्या तरुण मुलींनाही पाच दिवसांसाठी देतात. इस्ट्रोजेन उतरले की मेंदू बीजांडकोशाला जोराने कामाला लावतो, आणि बीज सुटते. (पाळी चालू असलेल्या बाईच्या कर्करोगावर ही गोळी एकटी देत नाहीत, त्याचे कारणही हेच.) २०११ साली आपल्या आरोग्य मंत्रालयाने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली होती, काही वर्षांनी ती उठवली. सुनेच्या पाकिटावरचे नाव मोबाइलवर शोधून ‘हिला कॅन्सर आहे आणि आमच्यापासून लपवला’ असे समजणाऱ्या सासूबाईंसाठी एक चौकट छापलीत तर पुण्य लागेल.

आता भीतीच्या बातम्या. नाशिकच्या द्राक्षबागांत भुरी रोखायला हेक्साकोनॅझोल, टेब्यूकोनॅझोल अशी बुरशीनाशके फवारतात. त्यांच्या रेणूत तेच तीन नायट्रोजनचे कडे आहे जे लेट्रोझोलमध्ये आहे, आणि बुरशीच्या एन्झाइममधल्या लोहाला ते तसेच धरते. साहजिकच या जातीतली काही रसायने बशीत माणसाचे अरोमाटेजही रोखतात. आपल्या मथळ्यांच्या न्यायाने ‘द्राक्षावरची फवारणी स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी’ अशी बातमी व्हायला हवी! उलट मका आणि उसातले तण मारणारे अ‍ॅट्राझीन काही पेशींत अरोमाटेज वाढवते, काही पेशींत ढिम्म काही करत नाही. युरोपने २००४ साली ते बाद केले, मुख्यतः ते भूजलात उतरत होते म्हणून.

प्रश्न मात्रेचा आहे, आणि तो खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला जास्त लागू पडतो. द्राक्षाची विरळणी करायला, घड औषधात बुडवायला बागेत दिवसभर उभ्या असतात त्या बहुतेक बायकाच. त्यांच्या अंगावर काय आणि किती जाते, यावर आपल्या पुरवण्यांत मला क्वचितच काही दिसते. शहरातल्या वाचकाच्या ताटातल्या चार द्राक्षांवर मात्र अर्धे पान असते.

बशीतून मिळणारा इशारा हलका धरू नये, हेही तितकेच खरे. बोस्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोननशाइन एमसीएफ-७ पेशींवर काम करत होते. अचानक त्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच भराभर वाढू लागल्या. शोध घेता घेता दोष सापडला प्लास्टिकच्या नळ्यांत. कंपनीने नळ्यांची घडण बदलली होती, पण काय घातले ते सांगायला नकार दिला. दोघांनी स्वतःच ते रसायन वेगळे करून ओळखले, नोनिलफेनॉल, आणि १९९१ साली जाहीर केले. संप्रेरकांची नक्कल करणारी रसायने शोधण्याची एक पद्धतच पुढे त्यातून उभी राहिली. दुसरीकडे डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४०च्या दशकापासून गर्भवतींना सर्रास दिले जात होते. त्यांच्या मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग दिसू लागला तेव्हा, १९७१ साली, ते थांबले. संशय घ्यायला बशी पुरेशी आहे. निकाल द्यायला ती पुरत नाही, मग निकाल आशेचा असो की भीतीचा.

हे सगळे आपल्यालाच का लिहिते आहे? कारण डॉक्टर पाच मिनिटे भेटतो आणि आपले कात्रण पर्समध्ये वर्षभर राहते. लेट्रोझोल पाच वर्षे घ्यायची असते, कधी त्याहून जास्त. तिने सांधे धरतात, सकाळी बोटे वळत नाहीत, हाडे विरळ होतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ती मध्येच सोडली आणि कुठल्याशा फळाचा रस सुरू केला. त्यांच्याजवळ कात्रण होते, त्यात पेशी मेल्याचे लिहिले होते. त्यांना वेडे ठरवणे सोपे आहे. गोळीने दुखते हे त्यांना रोज कळत होते; गोळीने काय टळते आहे, हे कोणत्याच दिवशी दिसत नव्हते. त्यांना सांध्यांच्या दुखण्यावर उपाय आहेत, गोळी बदलून मिळते, व्यायामाने फरक पडतो, हे सांगणारे कात्रण हवे होते. ते कोणी छापले नव्हते.

तेव्हा विनंती अशी. कोणतीही अशी बातमी आली की विचारा, हे बशीत घडले, उंदरात की बाईत. बशीत किती मात्रा घातली होती, आणि तेवढी खाऊन रक्तात पोचते का. पैसे कोणी दिले. आपल्याकडे वार्ताहर कमी आहेत, मजकूर वृत्तसंस्थेकडून किंवा कंपनीच्या पत्रकातून येतो, रात्री पान लावायची घाई असते, हे मला कळते. पण गावोगावच्या महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचे शिक्षक आहेत. त्यांना फोन करा. कोणी विचारले याचाच त्यांना आनंद होईल. आणि आशेची बातमी ज्या पानावर छापलीत, त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात, चार वर्षांनी फसलेल्या चाचणीचीही बातमी द्या. लिबरेटचा निकाल कोणत्या मराठी पुरवणीत आला होता, तेवढे कोणी कात्रणासह कळवले तर मी आभारी राहीन.

ऑक्टोबर जवळ येतो आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना म्हणून आपली पाने गुलाबी होतील आणि जाहिरातीही भरपूर येतील. त्या अंकात टिबोलोनची हकिगत घ्यावी. जागा कमी पडली, तर या पत्रातला बुरशीनाशकांचा भाग कापलात तरी चालेल. द्राक्षबागेतल्या बायकांचा परिच्छेद मात्र ठेवा, आणि आकडे छापताना एकदा ताडून घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका